मिसिंग मारणारी जुनी मोटारसायकल: दोष नेहमी कार्बोरेटरचाच नसतो

सिग्नलला बंद पडते, चढावर झटके मारते, रेस दिली की क्षणभर दम खाते आणि मग एकदम पळते. पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या मोटारसायकलची ही तक्रार कोणाजवळही बोलून दाखवा, उत्तर ठरलेलं असतं: “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, साफ करून घे.” कधीकधी ते खरंही असतं. पण कार्बोरेटर साफ होतो, पैसे जातात आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा मिसिंग मारू लागते, असंही खूपदा घडतं. कारण दोष दुसरीकडेच असतो.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे इथे सांगतो ते त्याआधीच्या गाड्यांबद्दल आहे. १९८५ साली आलेली हीरो होंडा सीडी १००, १९९४ची स्प्लेंडर, सुरुवातीच्या पल्सर, जुनी बुलेट. या गाड्या अजून गावोगाव रोज धावतात आणि त्यांचे बरेचसे दोष घरच्या अंगणात, प्लगपाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन शोधता येतात.

पहिला प्रश्न “कुठे बिघडलं” हा नाही. “कधी बिघडतं” हा आहे. थंड असताना की तापल्यावर? जागेवर उभी असताना की पळताना? पावसात जास्त होतं का? कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग काम करतो. आयडलिंगला आणि त्याच्या थोडं वरपर्यंत पायलट जेट, मधल्या टप्प्यात रेस दिली की वर सरकणाऱ्या स्लाइडला लावलेली सुई, पूर्ण रेसला मेन जेट. ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहा. झटके नेमके कोणत्या खुणेवर येतात हे कळलं की अर्धं काम झालं. खुणेशी संबंधच नसेल, कधीही कुठेही ठोके चुकत असतील, तर संशय आधी ठिणगीवर घ्यावा.

“स्क्रू फिरवला की ट्युनिंग होतं”

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. कार्बोरेटरच्या बाजूला असलेला मिक्श्चर स्क्रू मुख्यतः आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. पन्नासच्या वेगावर गाडी झटके मारत असेल तर तो कितीही फिरवा, फरक पडणार नाही. उलट जे ठीक होतं तेही बिघडेल. शिवाय सगळ्या कार्बोरेटरवर त्याचा अर्थ एकच नसतो. तो स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेवर नियंत्रण ठेवतो आणि आत घेतल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर मिश्रणावर नियंत्रण ठेवतो आणि आत घेतल्यावर पेट्रोल कमी होतं. हे न पाहता फिरवणारा माणूस उलट्या दिशेने जातो. हात लावायचाच असेल तर आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे बसले ते मोजून लिहून ठेवा, मग तेवढाच बाहेर काढा. जोर लावला तर टोकदार सुई तिच्या जागेवर कायमची खराब होते. आणि ट्युनिंग इंजिन नीट तापल्यावरच करायचं.

“ठिणगी दिसते, म्हणजे प्लग चांगला”

प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी दिसली, म्हणून प्लगला सोडून दिलं जातं. पण मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असताना तीच ठिणगी पडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल किंवा तडा गेलेला प्लग तिथेच हार मानतो. ही चाचणी करताना दोन पथ्यं पाळा. प्लगचं धातूचं अंग इंजिनाला घट्ट टेकलेलं असू द्या, नाहीतर ठिणगी पुरवणाऱ्या सीडीआय युनिटला धोका असतो. आणि प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

प्लगचा रंग मात्र बरंच काही सांगतो, फक्त तो योग्य वेळी पाहावा लागतो. बराच वेळ जागेवर चालवलेल्या गाडीचा प्लग काळाच निघतो. म्हणून काही किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून, इंजिन बंद करून, निवल्यावर काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक. ओलसर, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, आणि तिथे नवा प्लग टाकून उपयोग नाही, तोही तसाच होईल. पांढराफटक प्लग म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा इंजिन जास्त तापतंय. गॅप फीलर गेजने मोजा. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत तो साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच शेवटचा.

प्लगइतकंच लक्ष प्लगच्या टोपीकडे द्या, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नाही. पावसात मिसिंग वाढत असेल तर रात्री अंधारात गाडी चालू करून टोपी आणि जाड वायर बघा, हात न लावता. बारीक निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर दोष सापडला. अनेक गाड्यांत टोपी वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढून, वायरचं गंजलेलं टोक पाच मिलिमीटर कापून पुन्हा बसवली तरी गाडी सुधारते.

“जेट तारेने मोकळा करायचा”

क्लच केबलमधली एक पोलादी तार काढून जेटच्या भोकात घालणं, ही गॅरेजांत सर्रास दिसणारी पद्धत आहे. जेट पितळेचा असतो, पोलादापेक्षा मऊ. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. तारेने ते किंचित जरी वाढलं तरी मिश्रण कायमचं बदलतं आणि मग कोणताच स्क्रू ते भरून काढत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा, हवेच्या दाबाने फुंकावा, उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसतं का पाहावं. नाहीच झाला तर त्याच नंबरचा नवा घ्यावा.

पण जेटपर्यंत जाण्याआधी एक सोपी गोष्ट करा. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी, आसपास विस्तव नसताना, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा, म्हणजे फ्लोट चेंबरचा, तळाचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी गोल मणी दिसले तर ते पाणी. तांबूस चुरा बसला तर टाकीला आतून गंज आहे, आणि टाकी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीदाही धुतला तरी तो पुन्हा तुंबणारच. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट खाली बसतं. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत हे विशेष होतं. तिचं जुनं पेट्रोल काढून टाकणं हाच पहिला उपाय. मात्र प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारणंही बरोबर नाही. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग त्यात लवकर खराब होऊ शकतात, ते तपासून बदलावेत, एवढा त्याचा धडा.

दहा मिनिटं चालून गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते? टाकीचं झाकण उघडून बघा. सूं असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पळू लागली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. टाचणीचं काम आहे, कार्बोरेटरचं नाही.

“टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणजे इंजिन छान”

टॅपेट सैल झाले की टकटक ऐकू येते, म्हणून लोक ते लगेच आवळून घेतात. खरा धोका घट्ट टॅपेटचा. वाल्व आपल्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो तसा गॅप कमी होतो, वाल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, तापल्यावर आयडलिंग बिघडतं आणि शेवटी वाल्व जळतो. हे सगळं आवाज न करता घडतं. शंभर सीसीच्या गाड्यांत हा गॅप ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, म्हणून अंदाजाने नव्हे, फीलर गेजने, पूर्ण थंड इंजिनावर आणि पिस्टन कॉम्प्रेशनला वर आलेला असतानाच तो लावायचा.

काही समजुती दोन ओळींत निकाली निघतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात ते बहुधा पेट्रोल जास्त म्हणून नव्हे, तर मिश्रण पातळ म्हणून किंवा सायलेन्सरच्या गॅस्केटमधून हवा शिरते म्हणून. फोर-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नये, प्लग काळा होतो; ते टू-स्ट्रोकचं काम. साध्या इंजिनात महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातल्याने मिसिंग जात नाही. फिल्टर काढून टाकल्याने पिकअप येत नाही, धूळ मात्र येते. आणि पिकअप नसणं हा प्रत्येक वेळी इंजिनाचा दोष नसतो: मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा, ब्रेक धरून ठेवत असेल तर तिथेच कळेल.

ट्युनिंगला हात लावण्याआधी एक तपासणी राहते: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडावर इंजिन चालू असताना साबणाचं पाणी शिंपडा. रेस बदलली तर तिथून फुकटची हवा आत जाते आहे, आणि असा जोड गळत असताना केलेलं सगळं ट्युनिंग वाया जातं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून पाहा. ठिणगी, पेट्रोल, हवा, टॅपेट सगळं तपासूनही गाडी सुधारली नाही, तर कॉम्प्रेशन मोजायला गॅरेजमध्ये न्या. तिथे “मिसिंग मारते” एवढंच सांगू नका. “गाडी तापल्यावर, पाव रेसला, प्लग कोरडा काळा निघतो” असं सांगा. आणि जे भाग बदलले जातील ते जुने भाग परत मागून घ्या.