साध्या मोटारीचं इंजिन आणि सस्पेन्शन बदलावं का?

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा गॅरेजशी काय संबंध? संबंध आहे. अलीकडे आमच्याकडे येणारी तरुण मंडळी कांट आणि शंकराचार्यांपेक्षा हाच प्रश्न जास्त विचारतात. घरची साधी गाडी आहे. तिचं इंजिन 'ट्यून' करून घ्यावं का, सस्पेन्शन बदलावं का, घातलेला पैसा सार्थकी लागेल का? प्रश्न क्षुल्लक नाही. त्यात एखाद्याची वर्षभराची बचत जाते, आणि त्याच गाडीत मागच्या सीटवर आई-वडील बसतात. म्हणून तो आज सावकाश उलगडून पाहू.

गौतमाच्या न्यायसूत्रांत विचाराच्या सोळा पदार्थांची यादी आहे. त्यात तिसरा 'संशय' आणि चौथा 'प्रयोजन'. हा क्रम आम्हाला फार मार्मिक वाटतो. शंका आली, की लगेच उत्तराकडे धावायचं नाही. आधी विचारायचं, कशासाठी? 'गाडीत बदल करणं फायद्याचं आहे का' हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी फायद्याचं, आणि कोणाच्या, हे जोडलं की तो पूर्ण होतो.

आता दुसरी गोष्ट. मोटार म्हणजे नेमकं काय? इथे आम्ही तुम्हाला 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाकडे नेतो. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा त्यात संवाद आहे. राजा रथातून आला होता. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? धुरा, सांगाडा, यांपैकी एखादा भाग म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग शेवटी ठरतं ते असं, की हे सगळे भाग एकमेकांच्या आधाराने असतात तेव्हा आपण त्याला 'रथ' हे नाव देतो. नागसेनाला तिथे माणसाच्या आत्म्याविषयी बोलायचं होतं, तो विषय आज बाजूला ठेवू. आपल्या कामाचं एवढंच, की रथ भागांच्या ढिगात नसतो, भागांच्या संबंधात असतो. म्हणून एक भाग बदलला की तेवढाच बदलत नाही. त्याचे इतर सगळ्यांशी असलेले संबंध बदलतात.

कारखान्यातून येणारी साधी गाडी ही अशा संबंधांची एक तडजोड असते. हा शब्द आम्ही कमीपणाने वापरत नाही. गाडी बनवणाऱ्याला माहीत नसतं, की ती कोण घेणार आहे. ती मे महिन्यात नागपूरला पंचेचाळीस अंशांत धावेल किंवा लडाखच्या थंडीत सुरू करावी लागेल. एकटा माणूस चालवेल किंवा पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं आणि टपावर गाद्या असतील. पेट्रोल कुठल्या पंपावरचं असेल, सर्व्हिसिंग वेळेवर होईल की नाही, काहीच सांगता येत नाही. म्हणून तो प्रत्येक भागात थोडी शिल्लक ठेवतो. तरुणांना वाटतं, कंपनीने इंजिनाचा जोर मुद्दाम दाबून ठेवलाय आणि आपण तो मोकळा करायचा. काही वेळा ते थोडं खरंही असतं. पण बहुतेक वेळा ती शिल्लक वाया गेलेली नसते. घरात अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशासारखी ती असते. रोज लागत नाही, म्हणून ती जास्तीची ठरत नाही.

आधी इंजिन घेऊ. बाराशे सीसीचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन समजा. ते चार-स्ट्रोकचं, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा आपलं पोट हवेने भरतं. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असतील तर ३००० वेळा १.२ लिटर, म्हणजे मिनिटाला ३६०० लिटर, सेकंदाला सुमारे ६० लिटर हवा. याहून फारशी जास्त हवा ते ओढू शकत नाही. आणि एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे हवा ठरली की पेट्रोल ठरलं, आणि पेट्रोल ठरलं की जोर ठरला. आता गाडीच्या कॉम्प्युटरमधला नकाशा बदलून, ज्याला 'रीमॅप' म्हणतात, तुम्ही ठिणगीची वेळ पुढे-मागे कराल, पॅडलचा प्रतिसाद चपळ कराल. पण नसलेली हवा कॉम्प्युटर कुठून आणणार? म्हणून अशा इंजिनात हाती लागतं ते थोडकं. पॅडल हलकं झाल्यामुळे गाडी जोरदार वाटते. वाटणं आणि असणं यांतला फरक हा तर आमच्या विषयाचा जुना धंदाच आहे. (हशा)

टर्बो असलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे हवा पंख्याने कोंबली जाते, आणि तो दाब वाढवता येतो. फरक खरा असतो आणि जाणवतो. पण मग नागसेनाचा प्रश्न सुरू होतो. वाढलेला जोर क्लचमधून जाणार. क्लच तेवढ्यासाठी केलाय का? पुढे गिअरबॉक्स, मग ड्राइव्ह शाफ्ट. उष्णता वाढली, ती रेडिएटर झेलेल का? पेट्रोल हलकं मिळालं तर इंजिनात अवेळी स्फोट होऊन खडखड होते, ज्याला 'नॉकिंग' म्हणतात. ते फार काळ चाललं तर पिस्टनवर बेततं. आणि सगळ्यांत शेवटी, पण खरं तर सगळ्यांत आधी, ब्रेक. वेग ताशी ८० वरून १०० केला, तर वेग सव्वापट होतो. पण गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपटीहून जास्त होते. ती सगळी ब्रेकने उष्णता करून टाकायची असते. घाट उतरताना हे गणित वहीत राहत नाही.

आता सस्पेन्शन. संस्कृतच्या अभ्यासकांना एक गंमत माहीत असते. ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचं विशेषण म्हणून येतो. सहज, न अडखळता धावणारा तो सुख रथ. 'ख' म्हणजे चाकाचं आस बसायचं छिद्र, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. ती बरोबर असेल, तर आपण मनाच्या अवस्थेला जो शब्द लावतो तो मुळात चाकाच्या बसणीचा आहे.

सस्पेन्शनची कामं दोन. आतल्या माणसाला धक्के बसू न देणं आणि टायर रस्त्याला टेकलेला ठेवणं. दुसरं काम लोक विसरतात. हवेत उडालेला टायर ब्रेकही लावू शकत नाही आणि वळूही शकत नाही. स्प्रिंग वजन पेलते. शॉकअॅब्सॉर्बर स्प्रिंगचा हेलकावा जिरवतो. दोघांची जोडी जमवलेली असते. साध्या गाडीत स्प्रिंगवरचा हेलकावा सेकंदाला साधारण एक ते दीड असा ठेवतात. तो शरीराला मानवतो. स्प्रिंग कडक केली की हा आकडा वाढतो. वळणावर गाडी कमी झुकते, स्टिअरिंग तरतरीत वाटतं. गुळगुळीत ट्रॅकवर हे उत्तम. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र अति कडक गाडीचा टायर उड्या मारतो, आणि पकड वाढवायला गेलेला माणूस पकड घालवून बसतो.

काही ठिकाणी गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग चक्क कापतात. सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी कडक होते, पण शॉकअॅब्सॉर्बर जुनाच राहतो. जोडी मोडली. शिवाय गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. आपल्या गल्लीतला गतिरोधक ते मानक वाचून बांधलेला नसतो, हे आम्ही सांगायला नको. (हशा)

मग बदल कधीच करू नये का? तसं नाही. इंग्लंडमधलं एक उदाहरण घ्या. अॅलेक इसिगोनिस यांची 'मिनी' १९५९ साली आली. सुएझच्या पेचामुळे पेट्रोलची टंचाई झाली होती, त्यातून जन्मलेली ही काटकसरीची छोटी गाडी. इंजिन ८४८ सीसी, जोर ३४ अश्वशक्ती. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांना दिसलं, की हिचं वळणं विलक्षण आहे. १९६१ साली 'मिनी कूपर' आली. इंजिन ९९७ सीसी, जोर ५५ अश्वशक्ती. आता बघा, कूपर यांनी नुसता जोर वाढवला का? दोन कार्ब्युरेटर दिले, गिअरची गुणोत्तरं जवळ आणली आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. रबराचं सस्पेन्शन मुळातच चांगलं होतं, तिथे उगाच ढवळाढवळ केली नाही. याच घराण्यातल्या 'कूपर एस'ने पुढे माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. ही साध्या गाडीतल्या बदलाची सार्थ गोष्ट आहे, आणि ती सार्थ का झाली तेही दिसतं. प्रयोजन स्पष्ट होतं, साखळीतली प्रत्येक कडी तपासली गेली, आणि मागे कारखान्याची चाचणी होती.

आपल्याकडे आणखी एक बाजू आहे, कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळं होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीवर आणि विम्याच्या दाव्यावर पाणी पडण्याचा धोका वेगळाच. पण याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल असा बदल करून घेण्याची वाट ठेवली आहे. पायाने ब्रेक दाबता न येणाऱ्या माणसासाठी हाताचा ब्रेक बसवणं, हाही बदलच. तिथे 'फायद्याचं आहे का' असं कोणी विचारत नाही, कारण प्रयोजन डोळ्यांसमोर उभं असतं.

एखादा तरुण म्हणेल, गाडी माझी, पैसा माझा, हौस माझी. तुम्हाला काय करायचंय? हौसेला आमचा विरोध नाही. हौस हेही प्रयोजन आहे, आणि ते मान्य करण्यात लाज नसावी. पण रस्ता तुमचा एकट्याचा नाही. तुमच्या ब्रेकवर भरवसा ठेवून समोरून एखादी बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडते. तिने तुमच्या हौसेला संमती दिलेली नाही. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर काढून टाकलात, तर तो धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. ज्या धोक्याचा आनंद एकाला आणि किंमत दुसऱ्याला, तो व्यवहार फायद्याचा म्हणता येत नाही.

तेव्हा आमचं उत्तर असं. रोज ऑफिसला आणि सणासुदीला गावी जाणाऱ्या साध्या गाडीसाठी इंजिनातले बदल बहुधा फायद्याचे नाहीत. ज्यांना जोरच हवा, त्यांनी गाडी बदलताना कारखान्यातूनच जास्त जोराची घ्यावी. त्यात ब्रेक आणि क्लच हिशेबात धरलेले असतात. शर्यतीची खरी ओढ असेल त्यांनी तेवढ्यासाठी वेगळी गाडी ठेवावी, बंद ट्रॅकवर चालवावी आणि खर्चाची सुरुवात ब्रेकपासून करावी.

आणि सस्पेन्शनबद्दल? साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेली गाडी 'लटपटते' म्हणून जे लोक नवं स्पोर्ट्स सस्पेन्शन बघायला निघतात, त्यांनी आधी आपली मूळ गाडी परत मिळवावी. शॉकअॅब्सॉर्बर गळतायत का ते पाहा. बुश फाटलेत का, लिंक रॉड वाजतात का, टायर किती वर्षांचे आहेत, हवेचा दाब बरोबर आहे का, अलाइनमेंट कधी केली होती? कंपनीचेच नवे भाग आणि चार चांगले टायर, एवढ्याने पुष्कळ वेळा गाडी अशी बदलते, की मालकाला वाटावं काहीतरी खास बसवलंय. हे सगळं करून महिनाभर गाडी चालवा. त्यानंतरही काही कमी वाटलं, तर ते नेमकं काय, एका वाक्यात कागदावर लिहा. ते वाक्य लिहिता आलं तर चांगल्या मिस्त्रीकडे आणि परिवहन कार्यालयात चौकशीला जा. लिहिता आलं नाही, तर पैसे बँकेत राहू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. गॅरेजवाले कोणी बसले असतील तर त्यांनी आधी विचारावं.