आवडीचा उगम

पश्चिम घाटाच्या माथ्यावर, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खानापूर तालुक्यात कणकुंबी नावाचे एक लहानसे गाव आहे. गाव लहान असले तरी भूगोलात त्याचा मान मोठा आहे. मलप्रभा नदी येथे उगम पावते आणि सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच परिसरात पडणाऱ्या पावसाचे काही पाणी मात्र कळसा नाल्यातून म्हादईत जाते आणि गोव्यात मांडवी हे नाव धारण करून पश्चिम समुद्राला मिळते. एकाच सरीतले दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि एकाने बंगालचा उपसागर गाठावा, दुसऱ्याने अरबी समुद्र, असे हे स्थान आहे. या पाण्याच्या वाटपावरून राज्याराज्यांत तंटा लागला. २०१८ साली लवादाने निवाडा दिला, तरी तंटा शमलेला नाही.

परंतु या पाणलोटावरून पाण्याखेरीज आणखीही काही वाहत आले आहे. ती आहे माणसांची आवड: गाण्याची, चित्रपटाची आणि पेहरावाची. तिच्या वाटपासाठी लवाद बसवावा लागला नाही, आणि तिला अडवू पाहणाऱ्यांना यशही आले नाही.

एखाद्याला सिनेमातल्या गाण्यांचे वेड आहे, एखादा एकच चित्रपट दहादा पाहतो, एखादी मुलगी नटीसारखे केस कापून घेते, असे ऐकले की वडीलधारी माणसे 'थिल्लरपणा' या एकाच शब्दात त्याची बोळवण करतात. हा शब्द नवा नाही. आज ज्या नाट्यसंगीताकडे आपण अभिजात म्हणून आदराने पाहतो, तेही एके काळी तरुण पिढीचे वेडच होते. संगीत रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि पाहता पाहता नाटकातली पदे घरोघर गुणगुणली जाऊ लागली. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या. त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्र रात्र रंगणाऱ्या पदाला तीन मिनिटांत बसवणे हा जाणत्यांना अपमान वाटला असेल. पण त्या तीन मिनिटांनीच गाणे थिएटरबाहेर, खेडोपाडी नेले.

त्यानंतरची मोठी झुंज झाली ती नभोवाणीच्या काळात. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते. लोकांची अभिरुची सुधारावी या हेतूने त्यांनी चित्रपटगीतांवर अशी बंधने आणली की आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशीच झाली. हेतू वाईट नव्हता, आणि शास्त्रीय संगीताला त्यांच्या कारकिर्दीत जो आधार मिळाला तो विसरता येणार नाही. परंतु श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त रेडिओची कळ फिरवली. त्याच वर्षी सिलोनच्या नभोवाणीवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, त्या फिती कोलंबोला जात आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता तेथून साऱ्या भारतावर गाण्यांचा वर्षाव होई.

हे घडत होते ते लघुलहरींच्या गुणामुळे. मध्यमलहरींचा पल्ला बेताचा असतो. लघुलहरी मात्र आकाशात उंच जाऊन तेथील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवर पुन्हा भूमीवर उतरतात. त्यांना घाट आडवा येत नाही, जंगल आडवे येत नाही, राज्याची सीमा तर त्यांना ठाऊकच नसते. यामुळे चित्रपटगृहापासून दूर असलेल्या गावालाही मुंबईतल्या माणसाबरोबर, त्याच रात्री, त्याच क्षणी तेच गाणे ऐकता येऊ लागले. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तलैया हे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळेच देशाला ठाऊक झाले. १९५७ साली आकाशवाणीने स्वतःच 'विविध भारती' सुरू केली. एका अर्थाने हा श्रोत्यांच्या आवडीचा विजय होता.

आता ही गाणी ऐकताना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. त्यांतली तुतारीसारखी गर्जणारी ट्रम्पेट, व्हायोलिनांचे ते भरून आलेले आभाळ, हे सगळे वाजवीत होते कोण? त्यांतले पुष्कळसे वादक घाटाखालच्या गोव्यातले होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती विद्या घेऊन हे तरुण पोटासाठी मुंबईस गेले, रात्री हॉटेलांतून नृत्यसंगीत वाजवू लागले आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास बसू लागले. संगीतकाराने चाल सांगावी आणि वाद्यमेळाची मांडणी कागदावर उतरवून ती पन्नास वादकांकडून वाजवून घ्यावी, हे त्यांचे काम. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील नायकाला त्यांचे नाव मिळाले ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे. पडद्यावरील नामावळीत मात्र ही नावे क्वचितच झळकत. मांडवीचे पाणी समुद्रास मिळते आणि पुन्हा पावसाच्या रूपाने कणकुंबीच्या डोंगरावर येते. तद्वत गोव्याचा सूर मुंबईस गेला आणि कोलंबोच्या लहरींवर बसून त्याच डोंगरावर परत आला. ऐकणाऱ्याला तो परका वाटत होता. प्रत्यक्षात तो शेजारच्याच घरचा होता.

चित्रपटाच्या वेडाचेही असेच आहे. काही चित्रपट लोक पाहतात आणि विसरतात. काही थोडे असे असतात की लोक त्यांच्याकडे पुनःपुन्हा जातात, त्यांतले संवाद पाठ करतात, त्यांवरून एकमेकांना ओळखतात. इंग्रजीत त्यांना कल्ट चित्रपट म्हणतात. पश्चिमेकडे 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा १९७५ सालचा चित्रपट प्रथम आपटला. पुढे मध्यरात्रीच्या खेळांना प्रेक्षक पात्रांचाच वेष करून येऊ लागले आणि पडद्याबरोबर बोलू लागले. मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगण्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' घ्या. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटाची. सचिन पिळगावकर यांनी ती मराठीत आणली आणि अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जोडीने ती मराठी घरांत कायमची वस्तीला आली. तो प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेही नव्हते अशा मुलांना आज त्यातली वाक्ये तोंडपाठ आहेत.

त्याहून जुने आणि अधिक हृद्य उदाहरण 'अलबेला'चे. हा चित्रपट १९५१ साली भगवान पालव यांनी काढला. गिरणी कामगाराचा हा मुलगा, स्वतः मजुरी केलेला. ना रूप नायकाचे, ना अंगकाठी. संगीतकार सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांच्याबरोबर होते हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच आंतोनियो झेवियर वाझ. आपल्या वाद्यवृंदासह ते या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. गुडघे किंचित वाकवून, खांदे हलवीत, सहज चालल्यासारखे नाचणे ही भगवानदादांची रीत. ती कोणत्याही नृत्यशाळेत शिकवीत नाहीत, तरी गणपतीच्या मिरवणुकीत ती प्रत्येकाला येते. नाचता न येणाऱ्याला नाचण्याचा धीर या माणसाने दिला. पुढे त्यांचे वैभव गेले. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीतल्या खोलीत परत आले. २००२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. पैसा गेला, पण पाऊल उरले. २०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला.

त्याच वर्षी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने वेड म्हणजे काय ते नव्याने दाखवले. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर प्रेक्षक खुर्च्यांमधल्या वाटेत नाचले. २०१७ साली तो 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडमध्ये निघाला; नायिका तीच, रिंकू राजगुरू, आणि संगीतही त्याच बंधूंचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ज्या सीमेवर दोन भाषांचा वाद धुमसत राहिला आहे, त्या सीमेच्या दोन्ही अंगांना तोच ताल घुमला. यामुळे वाद सुटला असे कोणी म्हणणार नाही. परंतु वादापलीकडेही माणसांना जोडणारे काही असते, हे यातून दिसते.

तिसरे वेड पेहरावाचे. त्याचीही परंपरा जुनी आहे. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले आणि भामिनीच्या वेषातील बालगंधर्वांच्या नऊवारी नेसण्याची, शेला घेण्याची, वेणीत फुले माळण्याची कुलीन घरांतल्या स्त्रियांनी नक्कल केली. स्त्रीवेष कसा शोभतो हे स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, यातले नवल तेव्हाही कोणाच्या ध्यानात येण्याइतके मोठे होते! १९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. साधनाचे कपाळ रुंद दिसू नये म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कपाळावर कापून घेण्यात आले आणि देशभर 'साधना कट' ही संज्ञा रूढ झाली. एका नटीचे न्यून झाकण्यासाठी केलेली युक्ती लक्षावधी मुलींचे भूषण ठरली. फॅशनचे मर्म येथेच आहे. ती नक्कल असते हे खरे, परंतु 'मी आज अशी दिसणार' हे ठरवण्याचे एवढेसे स्वातंत्र्य पुष्कळ मुलींना प्रथम तिनेच दिले.

या बाबतीत पाणलोटाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. कणकुंबीहून निघालेली मलप्रभा बदामीच्या मुलखातून, पट्टदकलच्या देवळांना स्पर्शून हुनगुंद तालुक्यात जाते. त्याच टापूत गुळेदगुड्डचा खण विणला जातो आणि इलकलचे लुगडे. मराठी माणूस त्याला 'इरकली' म्हणतो आणि ते आपलेच समजतो. खणानारळाने ओटी भरल्यावाचून मराठी घरातले मंगल कार्य पुरे होत नाही. पण तो खण कन्नड विणकराच्या मागावरचा, हे किती जणांना आठवते? इरकलीचा लाल रेशमी पदर अंगाला नुसता शिवलेला नसतो. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासा घालून एकमेकांत अडकवतात, आणि मग विणकाम पुढे चालते. अलीकडच्या काही वर्षांत खणाच्या साड्या, झबली, पिशव्या यांचे मराठी शहरांत मोठेच वेड लागले आहे. गोष्ट आनंदाची आहे. परंतु या मागणीबरोबर यंत्रमागावरच्या स्वस्त नकलाही बाजारात आल्या आहेत, आणि वेड वाढते आहे म्हणून हातमागाचा विणकर तरतोच, असे नाही.

आवड ही चांगली की वाईट, हा प्रश्न येथे गौण ठरतो. आवड आंधळी आहे की डोळस, हा खरा प्रश्न. गाणे आवडले, येथवर सर्व येतात. ते वाजवले कोणी, खण विणला कोणी, चित्रपटाची फीत आज कोठे आहे, असा एक प्रश्न जो अधिक विचारतो, त्याचे वेड साऱ्यांच्या कामी येते. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली लागला, तेव्हा मुंबईत गर्दी आवरण्यास पोलीस लागले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. गर्दी होती, जपणारा नव्हता. उलट, लहानपणी चित्रपटाच्या तिकिटांचे तुकडे गोळा करणारा केरळातला एक मुलगा पुढे पुण्यास आला. पी. के. नायर हे त्यांचे नाव. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांनी वाढवले आणि फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे त्यांच्यामुळे टिकली. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचे कोश सिद्ध केले. एखाद्या जुन्या गाण्याचा गायक कोण याचा निर्णय करताना आज अभ्यासकांना त्यांचाच आधार घ्यावा लागतो. तिकिटांचे तुकडे जमवणे आणि गाण्यांच्या याद्या करणे यांना कोणे काळी कोणी थिल्लरपणाच म्हटले असेल.

आज लघुलहरींची जागा हातातल्या फोनने घेतली आहे. पुढचे गाणे कोणते ऐकावे हेही यंत्रच सुचवते. पत्र लिहून फर्माइश करण्याचे कष्ट उरले नाहीत. कष्ट गेले याचे दुःख नको. परंतु यंत्र जे आवडले त्यासारखेच पुढे करते. ते कोठून आले, हे मागे जाऊन पाहण्याची हौस माणसालाच असावी लागते.

मलप्रभेचे पाणी वापरणारे लोक लक्षावधी आहेत. उगमापर्यंत चालत जाणारे थोडे. परंतु जो एकदा कणकुंबीला जाऊन तो लहानसा झरा पाहून येतो, त्याला पुढे कूडलसंगमाचे विशाल पात्र पाहताना तो झरा आठवतो. गाण्याच्या, चित्रपटाच्या आणि वस्त्राच्या छंदाचेही तसेच आहे. घरातल्या मुलाने नवे गाणे मोठ्याने लावले, तर ते बंद करण्याची घाई करू नये. यात ट्रम्पेट कोण वाजवतो रे, एवढे त्याला विचारावे. उत्तर शोधण्यासाठी तो निघाला, तर त्याचे वेड वाया गेले असे कोणालाही म्हणता येणार नाही.