पाय लटपटणं म्हणजे नालायकी नव्हे

माईकसमोर उभं राहायची वेळ आली की घशाला कोरड पडते, तळहात गार होतात, पोटात गोळा येतो. ज्याला हे होतं तो लगेच ठरवून टाकतो की आपला हा पिंड नाही. मग वकिलीचा विचार मागे पडतो, नाटकाच्या तालमीला जाणं थांबतं, शिकवण्याची आवड असलेली मुलगी एखादं मागच्या खोलीतलं काम पत्करते. कुवत कमी पडल्यामुळे जेवढी स्वप्नं सुटतात, त्याहून जास्त या घाईच्या निकालापायी सुटतात, असं मला ठामपणे वाटतं.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात. छाती धडधडू लागते, रक्त त्वचेकडून आणि आतड्यांकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात आणि पोटात कालवतं. पचनाचं काम तात्पुरतं मागे पडल्यामुळे लाळही कमी सुटते. ही सगळी पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी आहे. भाषण चांगलं होईल की वाईट, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

‘ज्याच्यात गुण असतो त्याला भीती वाटत नाही’, ही समजूत तर थोरामोठ्यांच्या चरित्रांपुढे टिकतच नाही. पाब्लो कझाल्स हे विसाव्या शतकातले चेलोवादनाचे शिखरपुरुष. 1901मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावर दगड कोसळून त्यांच्या डाव्या हाताची बोटं चिरडली. तेव्हा मनात आलेला पहिला विचार त्यांनी पुढे स्वतःच सांगितला: देवाची कृपा, आता पुन्हा वाजवावं लागणार नाही! कार्यक्रमाआधीच्या भीतीने त्यांना जन्मभर सोडलं नाही, आणि तरी ते नव्वदीपर्यंत वाजवत राहिले. ख्यातनाम इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांना तर रंगमंचाच्या भीतीने गाठलं ते साठीकडे झुकताना, इंग्लंडच्या नॅशनल थिएटरचे प्रमुख असताना. सोबतच्या नटांनी आपल्या डोळ्यांत पाहू नये, अशी विनंती त्यांना करावी लागली होती. त्याही काळात त्यांनी भूमिका सोडल्या नाहीत.

भीतीच नसती तर? वैद्यकीय लेखनात केवळ आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री आहे. दुर्मीळ आजाराने तिच्या मेंदूतला, भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. संशोधकांनी तिला साप दाखवले, भुताटकीच्या खेळात नेलं, पण ती घाबरली नाही. एकदा एका माणसाने तिच्या गळ्याला सुरा लावला, तरीही नाही. याला कोणी धैर्य म्हणणार नाही. तिला धोका टाळता येत नाही आणि ती पुन्हा पुन्हा संकटात सापडते. भीती वाटत असतानाही केलेल्या कृतीलाच धैर्य म्हणता येतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र वेगळा आहे: ‘भीती एकदा गेली की कायमची गेली, परत आली तर सगळं फुकट गेलं.’ इथे मोहनदास गांधींची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती सरळ रेषेत जात नाही. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले. डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचला नाही, ते खाली बसले. तीस रुपये फी घेतली होती. काम दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगून ते निघून गेले. 1893मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले आणि थोड्याच दिवसांत प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. सभा लहान होती, माणसं आपली होती आणि सांगण्यासारखं काही मनात होतं.

लोक गोष्ट इथेच संपवतात. पण 1896मध्ये ते भारतात परतले तेव्हा मुंबईत आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची दैना सांगण्यासाठी मोठी सभा भरली. मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहता यांच्या सल्ल्याने भाषण आधीच लिहून छापून घेतलं होतं. गांधी वाचायला उभे राहिले आणि आवाज कापू लागला. मेहता मोठ्याने वाचायला सांगत होते, तसतसा आवाज आणखी बसत गेला. शेवटी कागद दुसऱ्याच्या हाती गेला आणि दिनशा वाच्छांनी भाषण वाचून पूर्ण केलं. आफ्रिकेत तीन वर्षं सभा गाजवलेल्या माणसाची ही अवस्था! संकोच आपल्याला पुरता कधीच जिंकता आला नाही, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

मानसशास्त्राने पुढे जे दाखवलं ते याच्याशी जुळतं. भीतीची जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘इथे काही बिघडत नाही’ असा नवा अनुभव साठत जातो. जागा, माणसं, प्रसंग बदलला की जुनी आठवण पुन्हा वर येऊ शकते. म्हणून घरातल्या आरशासमोर शंभरदा म्हटलेलं भाषण सभागृहात डळमळतं. सराव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांसमोर हवा. आणि भीती परतली तर तोवर कमावलेलं वाया गेलं असं मुळीच नसतं.

‘आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते’ हेही खरं नाही. आतली धडधड आपल्याला जितकी मोठी वाटते, तितकी श्रोत्यांना जाणवत नाही. आणि हे नुसतं आधी सांगितलं तरी वक्ते अधिक चांगले बोलतात, असं प्रयोगांत आढळलं आहे.

आता ‘ढकला स्टेजवर, आपोआप धीट होईल’ या समजुतीबद्दल. गॅदरिंगमध्ये रडणाऱ्या मुलाला हाताला धरून पुढे ओढणारे पालक आणि अडखळल्यावर हसणारे शिक्षक पाहिले की जीव तुटतो. योग्य वाट याच्या उलट आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924मध्ये पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या चिमुकल्यावर उपचार केले. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला जाई, मग दर खेपेला थोडा जवळ आणला जाई. भीती न बाळगणारी मुलंही आसपास खेळत असत. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. आजच्या उपचारांचा पायाही हाच आहे: पायरी पायरीने जायचं, पण टाळायचं नाही. मुलाला आधी घरच्यांसमोर चार ओळी म्हणू द्या, मग शेजारच्यांसमोर, मग वर्गात. अडखळलं तर तिथेच थांबून पुन्हा सुरू करू द्या. तुम्ही वाक्य पुरवू नका. आणि भीतीपायी कोणी शाळाच टाळत असेल, नोकरीच्या मुलाखतीलाही जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. या त्रासावर परिणामकारक उपचार आहेत, आणि ते मोठ्या वयातही लागू पडतात.