ईसीजी नॉर्मल, तरी दम लागतो? बायांच्या हृदयाची कोणती तपासणी काय दाखवते

धरमपेठ (नागपूर) : काटोल, नरखेड, उमरेडकडची माणसं हृदयाच्या तपासणीसाठी धरमपेठ, रामदासपेठेत येतात. बाईमाणसाच्या बाबतीत मात्र बरेचदा उशीर होतो. छातीत दुखणं, जड वाटणं हे बायांमध्येही मुख्य लक्षण आहेच. पण सोबत धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, खूप थकवा हेही जास्त दिसतं. घरचे त्याला गॅस म्हणतात, बाई गोळी घेऊन पुन्हा निंदणाला जाते.

ईसीजी हा हृदयातल्या विजेचा त्या क्षणापुरता आलेख. रक्तवाहिनी अरुंद असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटी बायांमध्ये जास्त वेळा चकवते. म्हणून डॉक्टर पुढची तपासणी लिहून देतात.

टूडी इको : सोनोग्राफीसारखीच. गरोदरपणातही चालते. हृदयाची ताकद आणि झडपा दिसतात. बाळंतपणाच्या आसपास हृदय कमजोर झालं असेल तर तेही कळतं. रक्तवाहिन्यांतला अडथळा मात्र थेट दिसत नाही.

सीटी अँजिओग्राफी : हाताच्या शिरेत डाय सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. किडनीचा त्रास, ॲलर्जी किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा.

स्ट्रेस थॅलियम : हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडतं ते दाखवते.

साधी अँजिओग्राफी : मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात. गरज असल्यास तिथंच स्टेंट बसवता येतो.

कधी अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या मोकळ्या निघतात, तरी बाईचं दुखणं थांबत नाही. हा दोष बारीक वाहिन्यांचा असू शकतो आणि तो बायांमध्ये जास्त आढळतो. त्यासाठी एमआरआय किंवा पेट स्कॅन लागू शकतो. 'मनाचा खेळ' म्हणून फाईल बंद करू नका, डॉक्टरला पुन्हा विचारा.

छातीत दाब, घाम, धाप अचानक सुरू झाली तर मात्र स्कॅनचा नंबर लावत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. दवाखान्यात ईसीजी परत परत काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात.

खर्चाची चिंता असेल तर नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे. अँजिओप्लास्टी, बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहेत. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, आरोग्यमित्राला भेटा.