जुन्या वॉकीटॉकीला लिंबाचा उतारा

अकलूजला नीरेकाठी राहणाऱ्या माझ्या एका हौशी मित्राकडे पंचवीसेक वर्षांपूर्वीचा हॅम रेडिओचा हातातला संच आहे. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपात संदेशवहनाला हॅम म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी धावून गेली होती, तेव्हापासून त्याला हे वेड. परवा संच चालू केला, तर दिवा लागला, खरखरही आली. पण बोलायचं बटण दाबलं की संच बंद!

बिघाड बहुधा बॅटरीचाच असतो. निकेल-कॅडमियमचा एक सेल 1.2 व्होल्टचा, सहांचा संच 7.2 व्होल्ट. मीटर लावला तर आकडा ठीक दिसला. बटण दाबून पाहिलं, तर थेट पाचावर. ऐकायला थोडाच करंट लागतो, प्रक्षेपणाला कितीतरी पट जास्त. म्हातारे सेल तेवढं ओझं पेलत नाहीत.

कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं होती. या सेलमधून अल्कली झिरपते, म्हणून कापसावर लिंबाचा रस घेऊन पुसलं, किंचित फसफसलं. मग स्पिरिट फिरवलं, की आम्लही उरत नाही. आवाजाची खुंटी खरखरत होती, तिला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरला.

एक पथ्य मात्र पाळा. अँटेना काढून बटण दाबू नका. बाहेर न पडलेली शक्ती उलटून आउटपुट ट्रान्झिस्टर जाळू शकते. चाचणीला अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती जिरवणारा रोध, जोडावा. आणि परवाना नसेल, तर प्रक्षेपण नकोच.

नवे सेल बसले. मित्र आता संच उशाशी घेऊन झोपतो, वहिनींची तक्रार वेगळी.