पेव्हर ब्लॉक का खचतात?

सोनई गावाचा परिसर मुळा कालव्याच्या पाण्याचा, उसाचा आणि काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक मांडले, तर एक-दोन पावसाळ्यांतच पायवाट वरखाली होते. दोष ब्लॉकचा नसतो, पायाचा असतो.

अंगणातल्या पायवाटेसाठी साधारण 33 सेंमी खोदा. मुळ्या व सैल माती काढून तळ धुम्मसाने ठोका. त्यावर 15 सेंमी मुरूम दोन थरांत टाका. प्रत्येक थरावर बेताने पाणी मारून दाबा. चिखल होऊ देऊ नका. मग 10 सेंमी मिश्र खडी. एकाच मापाच्या खडीत पोकळ्या राहतात. लहान-मोठी खडी आणि कच मिसळली की ती घट्ट बसते. उतार इथेच द्या: मीटरला 2 सेंमी, घरापासून बाहेर.

खडीवर 3 सेंमी कच सपाट ओढून 6 सेंमी जाडीचे ब्लॉक बसवा. कडेला सिमेंटमध्ये कर्बस्टोन हवेतच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. शेवटी सांध्यांत बारीक वाळू भरा.

खर्च वाचवायचा तर ब्लॉकच्या रंगात वाचवा, दबाईत नको.