प्रकाशाने छापावे की इलेक्ट्रॉनने लिहावे?

मुलांनो, मिठबावच्या किनाऱ्यावरील वाळूत सिलिकॉन हे मूलद्रव्य असते. शुद्ध सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म आकृत्या उमटवून मोबाइलमधील चिप बनवितात. या कामास लिथोग्राफी, म्हणजे शिळाछाप, म्हणतात. पूर्वी उर्दू पुस्तके शिळाछापावर निघत. कातिबाचे लिखाण शिळेवर उतरवून शेकडो प्रती काढीत.

चकतीवर आधी एका खास रसायनाचा थर देतात. पहिल्या पद्धतीत नक्षीदार काचेतून त्यावर अतिनील प्रकाश टाकतात. या काचेला मास्क म्हणतात. सगळी आकृती काही सेकंदांत उमटते. परंतु साध्या यंत्रात १ मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, फार बारीक रेषा धूसर होतात.

दुसऱ्या पद्धतीत इलेक्ट्रॉनांचा झोत कलमासारखा एकेक रेषा लिहितो. ती रेषा पन्नासपट बारीक असू शकते; पण मोठ्या आकृतीस कित्येक तास लागतात.

मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये दोन्ही सोयी आहेत. मग निवड कशी करावी? संशोधनासाठी एखादाच अतिसूक्ष्म नमुना हवा असेल, तर इलेक्ट्रॉन. पुष्कळ प्रती हव्या असतील, तर प्रकाश. पण प्रकाशाला लागणारा बारीक नक्षीचा मास्क बहुधा इलेक्ट्रॉनच्या झोतानेच लिहितात. म्हणजे कातिब आणि शिळा, दोघांचीही गरज येथे असतेच.